उत्तरा फाल्गुनीशेजारचा ठिपका

२२ फेब्रुवारी २०२३ रोजी सिंह राशीतल्या एनजीसी ३७९९ या दीर्घिकेच्या अगदी केंद्राशी एक नवा प्रकाशबिंदू नोंदवला गेला. ती नोंद मी चार दिवसांनी, रविवारी दुपारी वाचली. बाबा पडवीत बसून आंब्याच्या पेट्यांसाठी पेंढा झाडत होते आणि मी दहावीच्या परीक्षेतल्या पर्यवेक्षणाच्या पाळ्या वहीत उतरवून घेत होते. आकाशात नव्याने दिसलेल्या तेजांची जी आंतरराष्ट्रीय यादी असते, तिच्यात रोज कितीतरी ओळी वाढतात आणि त्यांतल्या बहुतेक अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट होऊन फुटणाऱ्या ताऱ्यांच्या, निघतात. या ओळीपाशी मी थांबले, कारण बिंदू दीर्घिकेच्या नेमक्या मध्याशी होता आणि ती दीर्घिका खगोलाच्या हिशेबात फार जवळ, सुमारे १६ कोटी प्रकाशवर्षांवर होती. बिंदूला एटी २०२३सीएलएक्स असे नाव मिळाले होते. मोठ्या दुर्बिणींनी घेतलेल्या वर्णपटांवरून पुढे ठरले, की तिथल्या कृष्णविवराच्या फार जवळ गेलेला एक तारा भरतीबलाने फाटला होता. दृश्य प्रकाशात सापडलेल्या अशा घटनांमध्ये तोवर इतकी जवळची दुसरी कोणतीही नव्हती.

त्या बिंदूचे तेज मी आमच्या बागेतून कसे मोजले, ते इथे लिहीत आहे. मोजण्याला उपयोगी पडल्या अकरा रात्री, आणि त्या अकरा रात्रींच्या आकड्यांना अर्थ येण्यासाठी जवळजवळ एक वर्ष थांबावे लागले.

मी देवगड तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमचे घर खाली वाडीत, माडांच्या गर्दीत आहे. तिथून आकाश तुकड्यातुकड्यांनी दिसते. हापूसची कलमे मात्र वर सड्यावर आहेत आणि बागेला लागूनच जांभ्याचा मोकळा कातळ पसरला आहे. राखणीसाठी बाबांनी तिथे चिऱ्यांची एक खोपी बांधली होती. तिच्यासमोर कातळात भोक पाडून मी लोखंडी खांब उभा केला आणि त्यावर दुर्बीण बसवली. दुर्बिणीचा आरसा २०० मिलिमीटर व्यासाचा आहे. तिला जोडलेला कॅमेरा कृष्णधवल असून विजेवर थंड ठेवता येतो. दोन्ही वस्तू पुण्यातल्या एका जुन्या निरीक्षकाकडून हप्त्याने घेतलेल्या आहेत.

एवढ्याशा दुर्बिणीने दुसऱ्या दीर्घिकेतल्या कृष्णविवराजवळचे काही दिसेल, यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. त्यांना मी सांगते, की ज्या यंत्रणेने हा बिंदू प्रथम शोधला तिची भिंगे माझ्या आरशापेक्षाही लहान, १४ सेंटीमीटर व्यासाची आहेत. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठातून चालणारे ते सर्वेक्षण ‘असॅसिन’ या नावाने ओळखले जाते. चार-चार भिंगांचे गट हवाई, चिली, टेक्सास, दक्षिण आफ्रिका अशा दूरदूरच्या ठिकाणी बसवलेले असल्यामुळे एका जागी ढग आले तरी दुसऱ्या जागेवरून पाहणे चालू राहते. मोठ्या आरशापेक्षा रोजचा नेम इथे अधिक कामाचा आहे, हे मी त्या सर्वेक्षणाकडून शिकले.

मी या विषयाकडे वळले ती २०२० च्या ऑक्टोबरात, शाळा फोनवरून चालत होती त्या काळात. एटी २०१९क्यूआयझेड या घटनेविषयीचा शोधनिबंध तेव्हा प्रसिद्ध झाला होता. यमुना तारकासमूहातल्या २१.५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत, सूर्याएवढ्याच वस्तुमानाचा एक तारा सुमारे दहा लाख सूर्यांएवढ्या कृष्णविवराने फाडला होता आणि ती घटना अगदी सुरुवातीपासून टिपता आली होती. त्यानंतरचे तीन हिवाळे मी दुर्बिणीला हात न लावता फक्त माहिती चाळत राहिले. कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावरची ४८ इंची दुर्बीण उत्तरेकडचे सगळे आकाश दोन-तीन रात्रींत पुन्हा पुन्हा टिपते. आकाशात काही बदललेले दिसले, की या ‘झ्विकी’ सर्वेक्षणातून सूचना निघतात आणि त्या कोणालाही पाहता येतात. रात्री जेवणे आटोपल्यावर मी त्या सूचना उघडून बसत असे आणि संशयित बिंदू एका वहीत लिहीत असे.

ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात ४३ संशयित आहेत, त्यांपैकी पुढे खरे ठरलेले दोन. बाकीचे कसे फसवतात ते समजण्यातच माझे बरेच शिक्षण झाले. अतिनवतारा दीर्घिकेच्या मध्याजवळ फुटला तर पहिल्या काही दिवसांत तो अगदी असाच दिसतो, निळा आणि चढत जाणारा. पण अतिनवताऱ्याचे फुगत जाणारे कवच थंड होते, त्यामुळे काही आठवड्यांत तो लालसर होत जातो. फाटलेल्या ताऱ्याचे तेज मात्र महिनोन्‌महिने निळेच राहते. तापमान वीस-तीस हजार अंशांच्या आसपास टिकून असते. दुसरा फसवा प्रकार म्हणजे आधीपासूनच अन्न मिळत असलेले कृष्णविवर. अशा सक्रिय दीर्घिकांचे केंद्र नेहमीच कमीजास्त होत असते आणि एखादा मोठा चढ आला, की नवखा माणूस हुरळून जातो. म्हणून संशयिताचा गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहावा लागतो: आधी दीर्घिका शांत होती का, अवरक्त प्रकाशातला तिचा रंग सक्रिय केंद्राचा आहे की साध्या ताऱ्यांचा. इतके करूनही शेवटचा शब्द वर्णपटाचाच असतो. तिथे हायड्रोजनच्या किंवा हीलियमच्या, कधी दोन्हींच्या, अतिशय रुंद रेषा दिसाव्या लागतात. सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या आसपासच्या वेगांनी फिरणारा वायू त्या रेषा पसरवतो. २०१० साली सापडलेल्या एका घटनेत हायड्रोजनचा मागमूस नव्हता आणि हीलियमच्या रेषा ठळक होत्या, हे वाचले तेव्हा मला आमचा विजयदुर्ग आठवला. हीलियमच्या शोधाशी जोडल्या गेलेल्या १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण म्हणून तिथले ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि दरवर्षी त्या तारखेला किल्ल्यावर हीलियमविषयी बोलले जाते. आमच्या तालुक्यातल्या मुलांना त्या मूलद्रव्याचे नाव पाठ करून घ्यावे लागत नाही.

वर्णपट घेणे माझ्या आवाक्यातले नाही. तेज मोजणे आहे. म्हणून मी तेवढेच करायचे ठरवले.

इथे थोडे थांबून तारा फाटतो म्हणजे काय, ते सांगायला हवे, कारण वर्तमानपत्रे हटकून ‘कृष्णविवराने तारा गिळला’ असे लिहितात आणि ते मला चुकीचे वाटते. किनाऱ्यावरच्या मुलांना उधाणाची मोठी भरती कधी आणि भांगाची लहान भरती कधी हे घरी कळलेले असते, अमावास्या-पौर्णिमेशी त्याचे असलेले नातेही ठाऊक असते. पण चंद्र पाणी ओढतो, एवढ्यावरच त्यांची समजूत थांबते. मग पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूला भरती असते त्याच वेळी पाठीमागच्या बाजूलाही भरती कशी, असे विचारले, की वर्ग गप्प होतो. भरती ओढीमुळे येत नाही. जवळच्या बाजूची ओढ आणि दूरच्या बाजूची ओढ यांच्यातल्या फरकामुळे येते. कृष्णविवराजवळ हा फरक इतका वाढतो, की ताऱ्याला स्वतःला धरून ठेवणारे गुरुत्वाकर्षण त्याच्यापुढे कमी पडते.

ते कोणत्या अंतरावर घडते याचा हिशेब मी दरवर्षी फळ्यावर करून दाखवते. सूर्याची त्रिज्या सुमारे सात लाख किलोमीटर. कृष्णविवर सूर्याच्या दहा लाख पट जड असेल, तर दहा लाखांचे घनमूळ शंभर, म्हणून सूर्यासारखा तारा त्याच्यापासून सात कोटी किलोमीटरांच्या आत आला, की फाटू लागतो. त्या कृष्णविवराचे घटनाक्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही ती सीमा, मात्र केवळ तीस लाख किलोमीटरांवर असते, म्हणजे तारा फुटतो तो बाहेर, उघड्यावर. आता कृष्णविवर दहा कोटी सूर्यांएवढे घ्यावे. फाटण्याचे अंतर ३२ कोटी किलोमीटर येते आणि घटनाक्षितिज ३० कोटींवर जाते, जवळपास सारखेच. याहून जड कृष्णविवरात सूर्यासारखा तारा अखंडच आत जातो आणि बाहेरच्यांना काही दिसत नाही. म्हणजे जो खरोखर गिळला जातो तो कधीच दिसत नाही, आणि जो दिसतो त्याचा जवळजवळ अर्धा भाग कृष्णविवराच्या तावडीतून कायमचा निसटून अवकाशात फेकला जातो. उरलेला अर्धा, शेवग्यातून, म्हणजे शेवयांच्या साच्यातून, उतरणाऱ्या शिरवाळ्यांसारखा लांब होत, वळसा घालून परत येतो. दहा लाख सूर्यांच्या कृष्णविवरापाशी त्याचा पहिला पदर परतायला साधारण चाळीस दिवस लागतात. नंतर परतीचा ओघ हळूहळू आटत जातो. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी १९८८ साली हे चित्र मांडले, तेव्हा अशी एकही घटना कोणी पाहिलेली नव्हती. पहिल्या खुणा नव्वदच्या दशकात रोसॅट उपग्रहाला क्ष-किरणांत मिळाल्या. परतणाऱ्या वायूचे पदर एकमेकांवर आदळून प्रकाश निघतो, की आत तयार झालेल्या चकतीचा प्रकाश भोवतालच्या वायूतून गाळून येतो, यावर अजून एकमत नाही, आणि म्हणूनच प्रत्येक नव्या घटनेचे तेज दिवसागणिक मोजून ठेवण्याला किंमत आहे.

एका दीर्घिकेत असे दहा हजार ते एक लाख वर्षांतून एकदा घडते. सिंहेतल्या त्या दीर्घिकेतून हा प्रकाश निघाला तेव्हा दख्खनचा लाव्हा वाहायला अजून साडेनऊ कोटी वर्षे अवकाश होता. ज्या सड्यावर माझा खांब रोवला आहे, त्याच्या तळाशी असलेला काळा पाषाण तेव्हा जन्मलाही नव्हता.

रविवारी नोंद वाचली आणि त्याच रात्री मी वर गेले. एनजीसी ३७९९ शोधणे आपल्या माणसांना अवघड नाही; सिंहाच्या शेपटीतला उत्तरा फाल्गुनीचा तारा सापडला, की तिथून ती जेमतेम सव्वादोन अंशांवर आहे. तिला लागूनच एनजीसी ३८०० ही मोठी दीर्घिका आहे आणि दोघी एकमेकींना ओढत असल्यामुळे त्यांचे आकार थोडे बिघडलेले दिसतात. देवगडच्या अक्षांशावरून ही जोडी जवळजवळ डोक्यावरून जाते. त्यामुळे हवेचा सर्वांत पातळ थर मध्ये येतो, आणि हे आमचे मोठेच भाग्य; चिलीतल्या निरीक्षकांना ती उत्तर क्षितिजाकडे कललेली पाहावी लागते. पण डोक्यावरच्या लक्ष्याचा एक जाचही असतो. माथा ओलांडताना दुर्बीण खांबाच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला उलटवावी लागते आणि नंतर नेम पुन्हा धरावा लागतो. फेब्रुवारीअखेर हे पहाटे दोनच्या सुमारास करावे लागे.

कोकणात दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे लावणे हेही जिकिरीचे काम आहे. ध्रुवतारा आमच्याकडे क्षितिजापासून फक्त सोळा-साडेसोळा अंश वर असतो आणि तेवढ्या उंचीवरची समुद्राकाठची हवा नेहमी दुधाळ असते. कित्येक रात्री तो दिसतच नाही. मग दोन ताऱ्यांचे सरकणे बघत बघत अक्ष जुळवावा लागतो आणि त्यात तास जातो. संध्याकाळी खारा वारा असेपर्यंत तारे थरथरतात. साडेदहा-अकराच्या पुढे जमिनीवरून मतलई सुरू झाली, की हवा बसते आणि कॅमेऱ्यातल्या ताऱ्यांचे ठिपके बारीक होतात. पश्चिमेला समुद्रावर मासेमारीच्या बोटींचे एलईडी दिवे लागले, की क्षितिजाची ती सगळी बाजू पांढरी पडते; माझे लक्ष्य माथ्यावर होते म्हणून त्या उजेडातून सुटका झाली.

दवाचे मात्र काही करता येत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या पहाटे सड्यावर इतके दव पडते, की नळीवरून पाणी ओघळते. आरशाभोवती गरम पट्टी गुंडाळून आणि गाडीच्या बॅटरीवर पंखा लावून मी काम चालवते. आरशाच्या मुलाम्याला खारी हवा खाते, तो दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा चढवून घ्यावा लागतो. बाबांनाही दव आणि मळभ नको असते. मोहोरावर भुरी आणि तुडतुडे त्यांनीच येतात. त्या दिवसांत आम्ही दोघेही संध्याकाळी एकाच काळजीने आकाशाकडे पाहत असू.

पहिल्या दोन रात्री माझ्याच चुकीने वाया गेल्या. कॅमेऱ्यासमोरच्या काचेवरील धुळीच्या सावल्या काढून टाकण्यासाठी सारख्या उजळलेल्या पडद्याची चित्रे घ्यावी लागतात. घाईत मी ती घेतली नाहीत, आणि नेमकी एक सावली दीर्घिकेच्या गाभ्याला चाटून जात होती. तेजाच्या मोजणीत ती सावली किती घटवते, ते नंतर कोणत्याही युक्तीने सांगता येत नाही. सुरुवातीच्या चढाच्या त्या दोन रात्री होत्या आणि त्या परत मिळणार नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर मी नेम बसवला. दोन मिनिटांचे एक, अशी तीस चित्रे, मग धुळीची चित्रे, मग झाकण लावून अंधाराची चित्रे. १ मार्चच्या संध्याकाळी पश्चिमेला शुक्र आणि गुरू जवळजवळ एकमेकांना टेकले होते आणि गावातली माणसे ते पाहायला वर आली होती. ती खाली गेल्यावर मी काम सुरू केले. पुढच्या आठवड्यात शिमगा आला. फाल्गुनाचे नावच चंद्र पौर्णिमेला फाल्गुनी नक्षत्रात असतो म्हणून पडले आहे, आणि माझी दीर्घिका तर उत्तरा फाल्गुनीच्या कुशीत. ७ मार्चच्या पौर्णिमेच्या आगेमागे चार रात्री चंद्र तिच्या अंगणातच होता. खाली पालखी नाचत होती, ढोल वर सड्यापर्यंत ऐकू येत होते, आणि चित्रांत उजेडाशिवाय काही नव्हते. घटनेचे तेज कळसाला होते ते याच दिवसांत. एटी २०२३सीएलएक्स साधारण दहा दिवसांतच चढली होती, अशा घटनांच्या मानाने फार लवकर. मार्चच्या मध्यावर अवकाळी ढग आले. पाडव्याच्या सुमारास, २२ मार्चला, अमावास्या नुकतीच सरलेली असताना आकाश धुतल्यासारखे निघाले आणि त्या आठवड्यात मला सलग पाच उत्तम रात्री मिळाल्या. एप्रिल-मेमध्ये आंबा उतरवण्याची धांदल असते. सकाळी लवकर उठायचे असल्यामुळे मी आठवड्यातून एखादीच रात्र काढू शकले. मेच्या मध्यानंतर हवेत वाफ भरली आणि काम थांबले. सतरा रात्रींची चित्रे हाती होती, त्यांतल्या अकरा धरण्यासारख्या.

खरी अडचण यानंतर सुरू झाली. चित्रात मला दीर्घिकेचा गाभा दिसत होता, पण त्या उजेडात जुन्या ताऱ्यांचा प्रकाश किती आणि फाटलेल्या ताऱ्याचा किती, हे वेगळे कसे करायचे? एकट्या ताऱ्याचे तेज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहता येते. इथे पाहुणा आणि यजमान एकाच ठिपक्यात मिसळले होते. यावर उपाय एकच असतो: घटनेपूर्वीचे चित्र घेऊन ते आजच्या चित्रातून वजा करायचे. जे बदललेले नाही ते सगळे नाहीसे होते, जे नवे आहे ते उरते. मोठी सर्वेक्षणे हेच करतात. त्यांच्याकडे सगळ्या आकाशाची जुनी चित्रे असतात. माझ्याकडे एनजीसी ३७९९ चे एकही जुने चित्र नव्हते.

मी एका जुन्या सार्वजनिक सर्वेक्षणातले चित्र उतरवून घेतले आणि त्यावरून वजाबाकी केली. गाभ्याच्या जागी एक लख्ख ठिपका उरला. मी तो पाहून इतकी आनंदले, की रात्री अकरा वाजता बाबांना उठवून दाखवला आणि लगेच पुण्यातल्या त्या जुन्या निरीक्षकांना पाठवला. त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी फक्त एक सूचना केली होती: त्याच चित्रात शेजारच्या एनजीसी ३८०० चा गाभा पाहा. तिथेही तसाच ठिपका होता आणि त्याच्याभोवती काळे कडे होते. त्या दीर्घिकेत तर काहीच घडलेले नव्हते. दोन वेगळ्या दुर्बिणी, दोन वेगळे रंगगाळक, ताऱ्यांच्या ठिपक्यांची वेगवेगळी जाडी. त्यांचे गणित जुळले नव्हते आणि जिथे जिथे उजेड एकवटलेला होता तिथे तिथे खोटा ठिपका उमटला होता. त्यांनी पत्राच्या शेवटी लिहिले होते, की तुमच्याच दुर्बिणीचे, तुमच्याच कॅमेऱ्याचे, त्याच जागेवरून घेतलेले चित्र हवे, आणि ते घटना विझल्यानंतर घेता येते.

म्हणजे थांबणे आले. त्या पावसाळ्यात मी चित्रे पुन्हा पुन्हा उघडून पाहिली आणि बंद केली. सप्टेंबरात सूर्य सिंहेतून गेला. नोव्हेंबरात सिंह पहाटेच्या आकाशात परत आला, पण मी घाई केली नाही. विझत आलेले तेज चित्रात थोडेसे जरी राहिले असते, तरी वजाबाकीत तेवढे खोटे पडले असते. मधल्या काळात या घटनेवरचे शोधनिबंध येऊ लागले. कळसाला पोचतानाचा तिचा वेग आणि तिचे एकूण मंद तेज, दोन्ही नेहमीच्या घटनांपेक्षा निराळे असल्याचे त्यांत म्हटले होते. ते वाचताना मला पहिल्या दोन रात्रींची धूळ आठवत राहिली.

९ फेब्रुवारी २०२४ ला पौष अमावास्या होती. त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री मी एनजीसी ३७९९ ची चित्रे घेतली, मार्चच्या अमावास्येला आणखी दोन रात्री, आणि सगळी मिळून एक दीर्घ चित्र तयार केले. ज्या दीर्घिकेत आता काहीही होत नाही तिच्यावर नऊ तास उजेड साठवणे हे काम गेल्या वर्षीच्या धावपळीपेक्षा मला अधिक कठीण वाटले, कारण त्यात मन गुंतवायला काही नसते. फक्त दव पुसायचे आणि नेम ढळू द्यायचा नाही. बाबा एकदा चहा घेऊन वर आले आणि विचारते झाले, “काय गो बाय, आज काय दिसला?” मी म्हटले, आज काही दिसू नये म्हणूनच बसले आहे. त्यांना ते चटकन पटले. खोपीच्या उंबऱ्यावर बसून ते म्हणाले, की नव्या कलमाला पहिली दोन-तीन वर्षे आलेला मोहोर आपण खुडून टाकतो, त्यातलेच हे.

वजाबाकी आधी एनजीसी ३८०० वर करून पाहिली. दोन्ही चित्रांतल्या ताऱ्यांची जाडी सारखी करून घेतली, कडेच्या ताऱ्यांवरून उजेडाचे प्रमाण जुळवले. शेजारणीचा गाभा पूर्ण पुसला गेला, काळे कडेही उरले नाही. मग मी २२ मार्च २०२३ चे चित्र लावले. दोन्ही दीर्घिका नाहीशा झाल्या, आणि जिथे एनजीसी ३७९९ चा मध्य होता तिथे एकच बारीक गोल ठिपका राहिला. त्याच्याभोवती करड्या रंगाशिवाय काही नव्हते. पुढच्या रात्रींच्या चित्रांत तो त्याच जागी, दर वेळी थोडा अधिक फिका. मेमधल्या शेवटच्या चित्रात तो आहे की नाही हे डोळ्याला सांगता येत नाही. मोजणीत तो जेमतेम येतो. मी अकरा बिंदूंचा आलेख काढला आणि त्याच्याशेजारी मोठ्या सर्वेक्षणाचा आलेख ठेवला. उतरण जुळत होती. एक बिंदू, ११ एप्रिलचा, बराच वर पडला होता. त्या रात्रीची चित्रे तपासल्यावर विरळ ढग सरकत असल्याचे दिसले. तो बिंदू मी काढला नाही, पण त्याची चूक-मर्यादा मोठी करून दाखवली आणि कारण शेजारी लिहिले.

त्या वर्षापासून माझ्या कामाचा क्रम उलटा झाला आहे. काही घडण्याची वाट पाहण्याऐवजी, आमच्या माथ्यावरून जाणाऱ्या जवळच्या दीर्घिकांची शांत चित्रे मी आधीच घेऊन ठेवते. यादी तीनशेंची आहे. त्यांच्यापैकी एखादीत तारा फाटण्याची शक्यता किती, हा हिशेब सोपा आहे आणि मी तो मुलांकडूनच करवून घेतला: दहा हजार वर्षांतून एकदा हे प्रमाण धरले, तरी तीनशे दीर्घिकांमागे तेहतीस वर्षांतून एकदा. अतिनवतारे त्यामानाने पुष्कळ, एका दीर्घिकेत शतकाला साधारण एक. त्यामुळे ही चित्रे वर्षाला दोन-तीनदा तरी उपयोगी पडतील. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने २०२५ च्या जूनमध्ये पहिली चित्रे प्रसिद्ध केली, तिच्या ८.४ मीटरच्या आरशापुढे अशा घटना आताच्यापेक्षा कितीतरी अधिक संख्येने सापडतील. त्यांतल्या बहुतेक माझ्या दुर्बिणीला दिसणार नाहीत. जवळच्या, उजळ असलेल्या मात्र त्या आरशाच्या कॅमेऱ्याला डोळे दिपवणाऱ्या ठरू शकतात, आणि तिथे लहान दुर्बिणींनी रोज रात्री घेतलेल्या नोंदी लागतात.

आठवीतल्या दोन मुली शनिवारी येऊन धुळीची चित्रे घ्यायला शिकल्या आहेत. ते काम त्या माझ्यापेक्षा शिस्तीने करतात. आतापर्यंत १८७ दीर्घिका झाल्या. कन्या आणि केश या तारकासमूहांतल्या चाळीसेक राहिल्या आहेत, त्या मृगाचा पाऊस पडण्याआधी उरकायच्या आहेत.